रोजच्यासारखा बुधवार

शुक्रवार, ३ फेब्रुवारी १९७८. कोरेगाव.

पोचले. कोयनानगरहून सकाळी साडेआठची गाडी, पाटण, उंब्रज, सातारा आणि मग इथे – दोन वाजून वीस मिनिटं. रजा आठ दिवसांची. भूकंपमापनाच्या यंत्रावरचा कागद रोज आठला बदलायचं काम नाथाजींकडे सोपवून आले आहे. ते वेळेचे आकडे गिचमिड काढतात. परत गेल्यावर सगळे पुन्हा बघावे लागणार.

झुबेदा स्टँडवर आली होती. सहा वर्षांनी भेटलो. मी हात पुढे केला, तिनं मिठी मारली. "अजून तशीच का गं तू – शिसपेन्सिल!"

ती कुवेतला दवाखान्यात नर्स आहे. चाळीस दिवसांच्या सुटीवर आली, आजचा पस्तिसावा. मला रजा आत्ता मिळाली. पाच दिवस हातात आहेत, त्याबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही.

मुलगी बिल्किस, पाच वर्षांची. तिथेच जन्मलेली. मी वाकून नाव विचारलं तर आईच्या पदरामागे गेली, आणि तिथून माझ्या घड्याळाकडे बघत राहिली.

चहाच्या वेळी अख्तरचाचींनी – झुबेदाच्या आईनं – सांगितलं, "पोरीला हितंच ठिवायची हाय." मुलगी समोर बसलेली. मी तिच्याकडे पाहिलं. चाची म्हणाल्या, "तिला मराठी कुटं येतंय! भिताडासमोर बोलल्यागत हाय." घरात हे लोक आपली दखनी बोलतात, पण हा विषय निघाला की मराठी. बिल्किसला दखनी येते, केरळच्या शेजारणीकडून उचललेली मल्याळी येते, अरबीत वीसपर्यंत आकडे येतात. पद्धत सोयीची आहे.

कारण असं. ती केरळची शेजारीण मुलीला सांभाळायची, ती गावी परतली. झुबेदाला आता नर्सांच्या वसतिगृहात राहावं लागणार, तिथे मुलं चालत नाहीत. तिचा नवरा शमशेर कंपनीचा ट्रक चालवतो, वाळवंटातल्या छावणीत चौदा पुरुषांच्या खोलीत राहतो. दोघांचा करार आणखी दोन वर्षांचा. मधेच मोडला तर पुन्हा तिकडे जाता येणार नाही. मी सगळ्या शक्यता मांडून पाहिल्या. तीन निघतात. तिन्ही बंद.

"निघताना तिला काय सांगणार?" मी विचारलं.

"सांगायचं न्हाई," चाची म्हणाल्या. "रडंल, पदराला झोंबंल, गाडी चुकंल. गाडी चुकली तर बोट चुकंल. बोट चुकली तर नोकरी गेली म्हनायची. कुनीतरी पोरीला भायेर न्यायचं, तवर हिनं निघायचं. आमच्यात असंच करत्यात. तुमच्यात बी असंच करत्यात."

करतात. मी चार वर्षांची होते, याच गल्लीत राहायचो. आई बाळंतपणाला गेली त्या दिवशी मला शेजारच्या साळूबाईंच्या परड्यात वासरू दाखवायला नेलं होतं. तपकिरी वासरू, कपाळावर पांढरा ठिपका. परत आले तर चूल थंड. वासरू इतकं स्पष्ट आठवतं आणि आईचं त्या दिवसाचं तोंड अजिबात नाही.

झोपताना लक्षात आलं – ते "कुनीतरी" म्हणजे मी!


शनिवार, ४ फेब्रुवारी.

विचारलं. खरंच मी.

"घरातलं मानूस न्यायला लागलं की पोरीला वास येतो," चाची. "तू नवीन. तुज्यासंगं जाईल."

मुलगी खरोखरच आली माझ्याजवळ. माझ्याकडे रोजच्या कामाचं भिंग आहे, ते तिला दिलं. पाऊण तास मुंग्या पाहिल्या तिनं. "खाला, ये कायकू भागती?" मला दखनी धड येत नाही. मुंगी का पळते हे तर कोणत्याच भाषेत सांगता आलं नसतं. मग ती शेजारी साळूबाईंच्या दोन नातींबरोबर खेळायला पळाली. तिघी दिवसभर एकमेकींच्या अंगावर ओरडत असतात. खेळायला भाषा लागत नाही असं दिसतं.

धुणं धुताना झुबेदाला म्हटलं, "तिला सांग. पाच वर्षांच्या मुलीला कळतं."

"काय सांगू? दोन वर्षं म्हंजे किती, हे कळंल तिला?"

"सातशे तीस दिवस."

"हां! मग जा, सांग जा तिला – सातशे तीस!" तिनं चादर इतकी पिळली की माझ्या हातातलं टोक सुटलं.

थोड्या वेळानं मी माझी अट सांगितली. नेईन. पण खोटं बोलणार नाही. तिनं विचारलं तर खरं तेच सांगेन.

"मग ती विचारणार न्हाई असं बघ."


रविवार, ५ फेब्रुवारी.

सकाळच्या पॅसेंजरनं सांगलीला. झुबेदा, बिल्किस, मी. आईला भेटायचं होतं. बाबांच्या निवृत्तीनंतर आमचं बिऱ्हाड तिकडेच आहे. आईनं बिल्किसच्या हातात भडंगाची वाटी दिली. मुलगी एकेक शेंगदाणा वेचून शेवटी खायला बाजूला ठेवत होती. आई म्हणाली, "ही मोठेपणी तुझ्यासारखीच होणार गं, शालन." चांगल्या अर्थानं म्हणाली की कसं, ते विचारलं नाही.

परतीच्या गाडीला वेळ होता. आयर्विन पुलावर गेलो. मी पदविकेला आणि ही नर्सिंगला असताना दर रविवारी इथे यायचो. तिच्या मेट्रनच्या नकला, माझ्या वर्गातल्या एकोणचाळीस पोरांच्या नकला – सगळ्या ती करायची, मी फक्त आकडे दुरुस्त करायची.

खाली कृष्णेत म्हशी बसलेल्या. बिल्किस कठड्याच्या फटीतून त्या मोजत होती, अरबीत. झुबेदा एकदम म्हणाली, "तूच ने की हिला कोयनेला!"

हसत म्हणाली. पण माझ्याकडे बघत नव्हती.

मी म्हटलं, "गेल्या महिन्यात एकतीस धक्के नोंदले आहेत. दोन जाणवण्याइतके. खोली दहा बाय दहाची. आठ वाजता मला हजर व्हावं लागतं."

यातला एकही आकडा खोटा नाही.

तिनं बिल्किसला कठड्यापासून मागे घेतलं. मग म्हणाली, "तू बाई न्हाई म्हणतीस ते सुद्धा मोजून म्हणतीस."

मला बोलता आलं असतं. गाडीत बसून तीन तास होते, तेव्हाही बोलता आलं असतं. खोली दहा बाय दहाची आहे, पण कॉलनीत बालवाडी आहे. माझ्या शेजारच्या खोलीतली मास्तरीण दुपारी घरी असते. हे आकडे मी तिला सांगितले नाहीत. बिल्किस माझ्या मांडीवर झोपली होती. डावा पाय पूर्ण बधिर झाला, तरी हलवला नाही. याला मदत म्हणत नाहीत.


सोमवार, ६ फेब्रुवारी.

काही घडलं नाही. पुन्हा बोलायचं ठरवलं होतं, तेही घडलं नाही.


मंगळवार, ७ फेब्रुवारी.

आज सामान बांधलं. चाचींच्या घरी नाही – साळूबाईंच्या! मुलीला ट्रंक दिसता कामा नये. म्हणून झुबेदाचा एकेक कपडा धुण्याच्या बादलीतून, वर ओलं फडकं टाकून, शेजारी गेला. चटणी, पापड, मेतकूट पिठाच्या डब्यातून. पासपोर्ट चाचींच्या कमरेला. साळूबाई ट्रंकेवर बसून झाकण दाबत होत्या. "चोरीचा माल माज्या घरात! फौजदार आला तर म्या पयलं तुजंच नाव घेनार बग, झुबेदा. म्हनंन, कुवेतची टोळी हाय!" सगळ्या हसलो. झुबेदा सगळ्यांत जास्त हसली आणि हसताहसताच मागच्या दारी गेली. साळूबाईंनी मला हातानं थोपवलं. "ऱ्हाऊ दे. हितं रडू दे तिला. घरात रडायची सोय न्हाई."

चाचींचा हुकूम – रोजच्यापेक्षा जास्त काही नाही. गोडधोड नाही. पाहुणे नाहीत. गल्लीत कुणी "कधी निघणार" विचारायचं नाही. आणि झुबेदानं मुलीचे रोजच्यापेक्षा जास्त लाड करायचे नाहीत. संध्याकाळी ती बिल्किसची वेणी तिसऱ्यांदा घालायला बसली तर चाची ओरडल्या, "किती डाव घालशील? रोज एकदाच घालतीस न्हवं?" झुबेदानं फणी ठेवून दिली. अर्धी वेणी तशीच. ती मी पूर्ण केली. जमली नाही.

दुपारी मी जागा पाहून आले. साळूबाईंचे यजमान तात्याबा यांचं गुऱ्हाळ, गावापासून पंधराशे पावलांवर. साताऱ्याचा रस्ता गुऱ्हाळापासून साठ पावलं, मधे नुसतं मोकळं रान. झुबेदाची गाडी स्टँडवरून दहा पन्नासला सुटते, म्हणजे गुऱ्हाळासमोरून दहा अठ्ठावन्नला जाणार. चुलाणाच्या – गुळाच्या भट्टीच्या – पलीकडे उसाच्या चिपाडांचा ढीग आहे. तिथे पाठ करून बसलं तर रस्ता दिसत नाही. गाडी गेली की आणखी पाऊण तास काढायचा, मग घरी. आराखडाच काढला म्हणायचा. काढताना लाज वाटली. पण चुकू नये असंही वाटत होतं.


बुधवार, ८ फेब्रुवारी.

क्रमानं लिहिते, नाहीतर गोंधळ होईल.

उठले सहा पन्नासला. झुबेदा आधीच चुलीपुढे. अंगावर रोजची फुलाफुलांची साडी – जायची निळी साडी साळूबाईंकडे. भाऊ बादशहा तिला मुंबईपर्यंत सोडायला जाणार, तो पहाटेच दुकानात जाऊन बसला, रोजच्यासारखा. बिल्किसला बशीत चहा आणि भाकरी. रोजच्यासारखीच. तिनं भाकरीचा पापुद्रा काढून आधी खाल्ला, मग खालचा भाग. झुबेदा तिच्याकडे बघत नव्हती. बघणं म्हणजे जास्त.

दहा वाजून पाच मिनिटांनी चाची ठरल्याप्रमाणे म्हणाल्या, "शालन, गुऱ्हाळाला जातीस न्हवं? पोरीला बी ने." आणि तिला, दखनीत, "जा गे, गरम गूड़ खाको आ."

बिल्किस लगेच उठली. चपला घातल्या – उजवी उजव्या पायात, डावी डाव्या पायात, एरवी उलट घालते. माझं बोट धरलं.

मी म्हटलं, "झुबेदा, निघतो आम्ही."

तिची पाठ माझ्याकडे. भाकरी थापत होती. थांबली नाही. "व्हय. येताना काकवी आन गं डबाभर." पितळी डबा चुलीजवळच होता, तो पायानं माझ्याकडे सरकवला. दोन्ही हात पिठाचे. आणि बिल्किसला, "खाला का हात छोडू नक्को."

पहिलीपासून ओळखतो एकमेकींना. वीस वर्षं. त्याचा निरोप हा – काकवी आण डबाभर. मी म्हटलं, "आणते." दुसरं काय म्हणणार? मुलगी माझं बोट धरून उभी होती.

उंबऱ्यापाशी बिल्किसनं बोट सोडलं. परत आत गेली. झुबेदाच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिच्या पाठीवर गाल टेकला. दोन सेकंद. तीन नाही. मग आली आणि पुन्हा बोट धरलं. चाची भिंतीला टेकून उभ्या. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, पण कुणी उलटली नाही. बाहेर जाताना ती रोज असं करते की काय, मला माहीत नाही. माझ्याकडे सहाच दिवसांची नोंद आहे.

गुऱ्हाळात तात्याबा काहिलीजवळ. "या, या कोयनेच्या बाई! आज सुटी व्हय? मग धरन कोन हालवतंय?" त्यांना ही थट्टा रोज नवी वाटते. बिल्किसला उसाच्या कांडक्यावर गरम गूळ गुंडाळून दिला. आणि मला, तिच्या डोक्यावरूनच, "गेली का हिची आई?"

मी डोळे मोठे केले.

"अवं, तिला कुटं कळतंय! लेकरू हाय ते. म्हशीचं रेडकू तोडत्यात, चार दिस वराडतंय, मग कडबा खातंय. चालायचंच."

चिपाडांच्या ढिगामागे बसलो, पाठ रस्त्याकडे. दहा अठ्ठावन्न. गाडी नाही. अकरा. अकरा पाच. अकरा बारा. एसटी उशिरा येऊ शकते हे मी धरलंच नव्हतं! गेली बारा वर्षं एसटीनं फिरते आहे, आणि वेळापत्रक खरं मानून आराखडा काढला.

बिल्किसला बसवेना. तिला घाणा बघायचा होता. घाणा रस्त्याच्या अंगाला. मी "इथेच बस" म्हटलं, तिनं ऐकलं नाही. बांधावर जाऊन उभी राहिली. रस्त्यानं एक मालट्रक गेला, तिनं हात केला. बैलगाडीला हात केला. रहिमतपूरची एसटी गेली, तिला दोन्ही हात केले. कंडक्टरनं उलट हात केला तशी खुदकन हसली. या मुलीला येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला हात करायची सवय आहे.

अकरा एकवीसला साताऱ्याची गाडी आली.

मी मधे जाऊन उभी राहिले. बिल्किस माझ्या साडीच्या बाजूनं डोकं काढून बघत होती. गाडी हळू होती, पुढे उसाच्या गाड्या होत्या. तिसऱ्या खिडकीत निळी साडी. बादशहाभाईला बजावून सांगितलं होतं, पलीकडच्या बाजूला बसव म्हणून. ती याच बाजूला बसली होती. तोंड खिडकीच्या गजांना लावलेलं. तिनं आम्हांला पाहिलं. नक्की पाहिलं, कारण ती एकदम मागे सरली आणि पदर तोंडावर ओढला.

बिल्किसनं हात केला नाही. गाडी जाईपर्यंत पाहिलं, मग खाली बघून कांडक्यावरचा गूळ चाटायला लागली. ऊन डोळ्यांवर होतं. रस्त्यावर धूळ. ओळखलं नसणार.

मी यंत्रावर धक्का बघते तेव्हा तो कधीच होऊन गेलेला असतो. रेघ काढून झालेली असते. आपण फक्त खाली वेळ लिहायची.

तात्याबांनी डबाभर काकवी दिली. झाकण लागत नव्हतं म्हणून वर उसाचं पान बांधलं. घरी पोचलो बारा दहाला. तवा घासून पालथा घातलेला. चुलीवर पाणी शिंपडलेलं. बिल्किस आत गेली, खोलीभर एकदा पाहिलं, आणि हात धुवायला मोरीत गेली. मी तयारी करून उभी होते – आता विचारेल, आता विचारेल. खरं सांगायचं हे ठरलेलं होतं. वाक्यसुद्धा तयार होतं, दखनीत, चाचींच्या सुनेकडून – बादशहाभाईच्या बायकोकडून – तपासून घेतलेलं.

विचारलंच नाही.

जेवली. झोपली. उठली. साळूबाईंच्या नातींबरोबर खेळली. संध्याकाळी मी वेणी घातली, आजही वाकडी आली.

काकवी फडताळात ठेवली. ती आता कुणाला द्यायची, हे मला कुणी सांगितलेलं नाही.


गुरुवार, ९ फेब्रुवारी.

अजून विचारलं नाही. सव्वीस तास झाले.

चाची गल्लीतल्या बायकांना सांगत सुटल्या आहेत – "इसरली बगा! म्या म्हनलं न्हवतं? यकदा बी नाव काडलं न्हाई." सगळ्या बायका माना डोलावतात. मग घरात येऊन ज्वारी निवडायला बसल्या, आणि अर्ध्या तासानं पाहिलं तर सूप तसंच मांडीवर, डोळ्यांतून धारा. "आयेला इतकं बी इसरू ने गं, शालन," म्हणाल्या. "इतकं बी नगं."

मला राग आला. मुलीचा! लिहून ठेवते, कारण ते खरं आहे. जिच्यासाठी कपडे बादलीतून गेले, वेणी अर्धी राहिली, तिला काहीच नाही? परसात चौकोन आखून लंगडी घालते आहे!

झुबेदा आता मुंबईत. कुठल्यातरी धर्मशाळेत, बादशहाभाईबरोबर. तिला पत्र लिहायला घेतलं. "बिल्किस मजेत आहे. तुझी आठवण काढत नाही." वाचून फाडलं. पहिलं वाक्य खरं, दुसरंही खरं. दोन्ही पाठवण्यासारखी नाहीत.

पुन्हा लिहिलं – "कॉलनीत बालवाडी आहे." एवढंच. ते पण फाडलं. आता काय उपयोग? रविवारी पुलावर म्हणायचं होतं.


शुक्रवार, १० फेब्रुवारी.

दुपारी बादशहाभाईची तार. बोट सुटली. झुबेदा चढली.

तार चाचींना मी मराठीत वाचून दाखवली. बिल्किस शेजारी बसून भिंगातून माझ्या अंगठ्याची रेघ बघत होती.


शनिवार, ११ फेब्रुवारी. सातारा स्टँड, पाटणच्या गाडीत.

निघताना चाची म्हणाल्या, "पोरीला तुजा लय लळा लागलाय. तू बी सांगू नगंस. परड्यातनं गुमान जा." मी पिशवी पाठीमागे धरली. परड्याच्या दाराशी बिल्किस बसलेली. विचारलं नव्हतं तिनं काही, तरी मीच बोलले, माझ्या मोडक्या दखनीत – "अब्बी आती मैं. दुकान कू जाको."

तिनं मान वर केली.

"दुकान तिकडं न्हाई, मावशी," ती म्हणाली. मराठीत. साळूबाईंच्या नाती बोलतात तसं. "तू कोयनेला चाललीस. जा की, गाडी चुकंल. म्या न्हाई रडत. अम्मी गेली तवा बी रडले न्हाई. रडले असते तर तिची बोट चुकली असती."